यकृतावरचा व्रण आणि प्रयोगशाळेतील मूक जीव

सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या परिसरात, जमिनीखाली खोल खणलेली हळदीची पेवे आहेत. वाळवलेली हळद या पेवांत भरून तोंड लिंपून ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००५ च्या महापुराने अनेक पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले; तरी 'पेव' हा शब्द सांगलीच्या व्यापारी बोलीतून गेलेला नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य मानणाऱ्या आपल्या अनेक घरांतही वाळलेल्या हळदीची चिमूट फोडणीत पडतेच.

हीच हळद आणखी एका ठिकाणी पोचते, आणि त्या ठिकाणाचा विचार आपण क्वचितच करतो. ते ठिकाण म्हणजे औषधशास्त्राची प्रयोगशाळा. तेथे पांढऱ्या उंदरांना आधी एक विष टोचले जाते. त्या विषाने त्यांचे यकृत बिघडते. मग काही उंदरांना हळदीचा, कुटकीचा किंवा भुईआवळ्याचा अर्क पाजला जातो आणि काहींना तो दिला जात नाही. ठरलेले आठवडे संपले की दोन्ही गटांतील उंदरांचा अंत केला जातो आणि त्यांच्या यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. देशभरातील फार्मसी महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा प्रयोग फार पूर्वीपासून रूढ आहे.

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज हा पट्टा आज वैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पट्टा झाला आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेव्हापासून या मातीतील शेतकऱ्यांची मुले विज्ञानाकडे वळत आली आहेत. आपल्या समाजातील मुले-मुलीही मोठ्या संख्येने औषधांच्या व्यवसायात आणि शिक्षणात आहेत. उद्या यांपैकी एखादी मुलगी सुट्टीत घरी येऊन आजीला विचारील, "आजी, उंदरावर प्रयोग करायचा आहे. करू का?" त्या वेळी आपण काय उत्तर देणार? 'पाप आहे, करू नकोस' हे एक उत्तर आहे. 'अभ्यास आहे, करावाच लागतो' हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पुरे उत्तर द्यायचे तर या प्रयोगातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

व्रण कसा पडतो?

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव. आतड्यातून येणारे बहुतेक रक्त आधी यकृतातून जाते. म्हणून अन्नाबरोबर आलेल्या विषाशी पहिली गाठ त्याचीच पडते. जखम भरून काढण्याची त्याची शक्तीही असामान्य आहे. निरोगी माणसाच्या यकृताचा मोठा भाग काढून टाकला तरी उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो.

परंतु इजा थांबलीच नाही, तर हीच दुरुस्ती अपायकारक ठरते. १८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. या पेशी एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून शांत पडून असतात. सततच्या इजेने त्या जाग्या होतात, आपले रूप बदलतात आणि कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनाचे जाळे विणू लागतात. हाताच्या जखमेवर जसा वण उरतो, तसेच व्रण यकृतभर पसरतात. यास वैद्यकात फायब्रोसिस म्हणतात. व्रणांच्या पट्ट्यांनी यकृताचे गाठीगाठींत तुकडे केले, रक्ताची वाट अडली, म्हणजे त्यास सिऱ्हॉसिस हे नाव मिळते. पोटात पाणी होणे, रक्ताच्या उलट्या, बेशुद्धी, कर्करोग ही त्याची पुढील रूपे.

मद्य हे या विकाराचे एक कारण खरे. पण एकमेव नव्हे. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मधुमेह, स्थूलपणा आणि यकृतात साठणारी चरबी हीही कारणे आहेत. मद्याचा थेंबही न शिवलेल्या शाकाहारी घरांत सिऱ्हॉसिस होतो, हे आपण ध्यानी धरलेले बरे.

उंदराचे ऋण

हा व्रण प्राण्यांत मुद्दाम कसा उत्पन्न करतात? सर्वांत जुना आणि सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. एके काळी कपड्यांच्या कोरड्या धुलाईत आणि आग विझवण्याच्या उपकरणांत वापरला जाणारा हा द्रव. यकृतातील एक विकर त्याचे रूपांतर अतिदाहक कणांत करते आणि ते कण पेशींची आवरणे जाळतात. आठवड्यातून दोनदा, चार ते आठ आठवडे हा द्रव टोचला की उंदराच्या यकृतात व्रणांचे जाळे तयार होते. दुसरा मार्ग पित्तनलिका शस्त्रक्रियेने बांधून टाकण्याचा. तुंबलेल्या पित्ताने यकृत करपते. तिसरा, पिण्याच्या पाण्यात थायोअ‍ॅसिटामाइड मिसळण्याचा. चौथा, काही पोषकद्रव्ये वगळलेला किंवा चरबी-साखरेने भरलेला आहार महिनोन्‌महिने देण्याचा. मार्ग कोणताही असो, त्याचा शेवट एकच आहे.

या प्रयोगांतून काहीच निष्पन्न झाले नाही, असे म्हणणे असत्य ठरेल, आणि सत्य हेही आपले व्रत आहे. ताराकार पेशी हीच कोलॅजन तयार करणारी मुख्य पेशी आहे, हे १९८५ मध्ये स्कॉट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, ते उंदरांच्या यकृतातून या पेशी वेगळ्या काढून. पुढे १९९८ मध्ये ब्रिटनमधील जॉन आयर्डेल यांच्या गटाने दाखवले की, विष थांबवल्यावर उंदराच्या यकृतातील जाग्या झालेल्या ताराकार पेशी मरून जातात आणि व्रण विरघळू लागतो. यकृतावरचा व्रण कायमचाच, ही जुनी समजूत त्यामुळे ढासळली. २०१३ मध्ये माणसांतही हेच दिसले. हिपॅटायटिस बी वर पाच वर्षे औषध घेतलेल्या रुग्णांपैकी ज्या ९६ जणांना आरंभी सिऱ्हॉसिस होता, त्यांतील ७१ जणांच्या यकृत-तपासणीत तो उरला नव्हता. आज एखाद्या रुग्णास डॉक्टर 'कारण दूर झाले तर यकृत सुधारू शकते' असा धीर देतात, त्या धीरामागे या मूक जीवांचेही ऋण आहे. क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्वांत हे जीवही येतात.

हिंसेचे चार प्रकार आणि प्रमाद

आपल्या आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. स्वयंपाक, केर-पोतेरे यांत घडणारी ती आरंभी. शेती-व्यापारात घडणारी ती उद्योगी. स्वतःच्या व परक्याच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी ती विरोधी. आणि मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्हींत श्रावकाने शक्य तितका संयम पाळावा आणि चौथीचा पूर्ण त्याग करावा, असा दंडक आहे. प्रयोगशाळेतील उंदीर कोठे बसवायचा? तो पंचेंद्रिय आहे, मन असलेला संज्ञी जीव आहे. त्याला मारण्याचा बेत आधीच आखलेला असतो, म्हणून ती संकल्पी हिंसा, असे काही जण म्हणतील. हेतू मारण्याचा नसून रोग्याला वाचवण्याचा आहे, म्हणून ती उद्योगी किंवा विरोधी हिंसेच्या जवळची, असे इतर म्हणतील. हा वाद साधुजनांनी आणि विद्वानांनी सोडवावा.

गृहस्थास मात्र एक कसोटी आजही हाती धरता येते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. या कसोटीवर प्रयोग तपासला तर प्रश्न स्पष्ट होतो. हा प्रयोग खरोखर काही नवे सांगणार आहे का? की जे आधीच ठाऊक आहे, तेच केवळ पदवीसाठी पुन्हा केले जात आहे? तेच उत्तर प्राण्याविना मिळाले नसते का? हे प्रश्न न विचारता केलेला प्रयोग हा प्रमाद आहे. त्यात विज्ञानाचीही हानी आहे.

आपला कायदाही याच दिशेने बोलतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५० च्या दशकात राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकाने ज्या प्रक्रियेला आरंभ झाला, तिच्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवण्याचे काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत आणि केवळ हातसफाई येण्यासाठी प्रयोग करू नयेत, असे त्यात नमूद आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेला प्राणी-नीतिमत्ता समितीची संमती घ्यावी लागते. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली होती: प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राणी वापरावेच लागले तर संख्या कमी करा, आणि वेदना कमीत कमी होऊ द्या. आपल्याकडील 'यतना' या शब्दाचा आशय याहून फार वेगळा नाही.

पुण्यातील एक उदाहरण: आयांना विचारलेला प्रश्न

प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधणे हे केवळ बोलण्यापुरते नाही. त्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे आणि तेही यकृताच्या व्रणाविषयीच.

जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल, लहान मुलांना 'लिव्हर' होण्याची भीती घरोघर असे. सहा महिने ते तीन-चार वर्षांचे मूल चिडचिडे होई, पोट वाढे, बरगडीखाली दगडासारखे कठीण यकृत हाताला लागे, मग कावीळ, मग पोटात पाणी. बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात एकामागून एक दोन-तीन मुले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यातून या रोगाचे वर्णन झाले आणि वैद्यकाच्या ग्रंथांत 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' हे नाव रूढ झाले. आपल्या देशाचे नाव या रोगाला चिकटले. पण कारण कोणास सांगता येईना.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे परीक्षणांत स्पष्ट झाले. निरोगी माणसाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते शेकड्यांत, कधी हजारांत भरे. तांबे आले कोठून?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनमधील बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी आयांशी बोलून, मुलाला काय पाजले, केव्हापासून पाजले, कोणत्या भांड्यात तापवले, कशात साठवले, हे बारकाईने विचारले. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा पहिला निष्कर्ष आला. १९८७ मध्ये आजारी मुले आणि त्यांच्याच वयाची निरोगी मुले यांच्या आहाराची जोडीजोडीने केलेली तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी फार लवकर गाई-म्हशीचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवले किंवा साठवले जात होते. दुधातील केसिन हे प्रथिन भांड्यातील तांबे ओढून घेते. कोवळ्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. कल्हई झिजलेले पितळी पातेले हाच तो अदृश्य शत्रू ठरला. यात काही आनुवंशिक दुबळेपणाचाही वाटा असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे; कारण त्याच भांड्यातील दूध पिऊनही बहुतेक मुले सुखरूप राहिली.

उपाय काय केला? भांडे बदला, असे सांगितले. स्टेनलेस स्टील घरोघर येतच होते. १९९२ मध्ये या गटाने या रोगाच्या प्रतिबंधाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोगाचे प्रमाण झपाट्याने घटले, आणि आज तरुण बालरोगतज्ज्ञांना हा विकार प्रामुख्याने पुस्तकातच भेटतो. लवकर आलेल्या काही मुलांचा जीव पेनिसिलामाइन या औषधाने वाचला. हे औषध तांब्याच्या दुसऱ्या एका विकारासाठी १९५६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी प्रचारात आणले. रुग्णाला देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते.

हे केवळ भारतातच घडले असेही नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला.

येथे प्राण्यांचे काय झाले? उंदरांना भरपूर तांबे खाऊ घातले तर आरंभी त्यांच्या यकृताला इजा होते. पण पुढे त्यांचे शरीर तांबे सोसायला शिकते आणि यकृत सावरते. माणसाच्या बाळाचा रोग उंदरात उतरला नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील एका बेटावरील, समुद्रशेवाळावर जगणाऱ्या मेंढ्यांत या रोगाशी मिळतेजुळते बदल आढळले, ते नंतर. तोवर आपल्याकडील आयांच्या उत्तरांतून कारण हाती लागलेही होते. उंदरावर विसंबून राहिले असते तर तांबे निर्दोष ठरण्याचाही धोका होता.

उंदीर आणि माणूस यांतील अंतर

उंदराला दिलासा देणारे औषध माणसाला दिलासा देईलच, असे नाही. २०१० मध्ये कोलॅजनचे धागे घट्ट करणाऱ्या एका विकराला रोखणाऱ्या प्रतिपिंडाने उंदरांतील व्रण कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरून सिम्टुझुमॅब हे औषध तयार झाले. शेकडो रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि काहीही लाभ दिसला नाही. उंदराचा व्रण काही आठवड्यांत, एकाच विषाने, तरुण व निरोगी देहात पाडलेला असतो. माणसाचा व्रण वीस-तीस वर्षांत, मधुमेह, वय, आहार यांच्या संगतीने पडतो. दोघांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसले तरी त्यांच्या कहाण्या निराळ्या असतात.

आता पुन्हा हळदीकडे येऊ. हळदीतील कर्क्युमिनने विष दिलेल्या उंदरांच्या यकृतातील व्रण कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यावरून हळदीच्या गोळ्या, कॅप्सूल यकृतासाठी म्हणून विकल्या जाऊ लागल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजेच्या राष्ट्रीय नोंदणीने अशा पूरक उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतील सात जणांत एकच विशिष्ट आनुवंशिक खूण होती, आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. काही उत्पादनांत हळद अधिक शोषली जावी म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळलेला होता. फोडणीतील चिमूटभर हळदीला घाबरण्याचे मुळीच कारण नाही. पण ती आनुवंशिक खूण उंदरात नसते, म्हणून हा धोका उंदराने सांगितलाच नसता. एकीकडे उंदीर मारून हळद गुणकारी ठरवायची आणि दुसरीकडे त्याच निष्कर्षावर विसंबून माणसाला इजा व्हायची, यात दोन्ही जीवांची हानी आहे.

बदललेली वाट

समाधानाची गोष्ट अशी की, विज्ञानानेच आता दुसरी वाट मोकळी केली आहे. माणसाच्या ताराकार पेशींचे वाण प्रयोगशाळेत वाढवता येते. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी यकृताचे पातळ काप काही दिवस जिवंत ठेवून त्यांवर औषध तपासता येते. मूळपेशींपासून मोहरीएवढी सूक्ष्म यकृते घडवता येतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राणीचाचणीची कायदेशीर सक्ती काढून टाकली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती करून अशा पर्यायी पद्धतींना मान्यता दिली. याचा अर्थ प्राण्यांवरील प्रयोग थांबले असा नाही. संपूर्ण देहात औषध कसे वागते, हे पेशींच्या थाळीत अजून पुरते कळत नाही. पण 'दुसरा मार्गच नाही' हे वाक्य आता विचारपूर्वक उच्चारले पाहिजे.

रोगनिदानातही माणसाच्याच नोंदींतून मोठी सोय झाली आहे. २००६ मध्ये रुग्णांच्या तपासण्यांवरून 'फिब-४' हा निर्देशांक तयार झाला. वयाला रक्तातील एएसटीच्या आकड्याने गुणावे. त्यास प्लेटलेट्सचा हजारांतील आकडा आणि एएलटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. उदाहरणार्थ, वय ५०, एएसटी ४०, एएलटी ३६ आणि प्लेटलेट्स दोन लाख असतील तर उत्तर सुमारे १.६७ येते. उत्तर १.३ हून कमी असेल तर मोठ्या व्रणाची शक्यता कमी, २.६७ हून अधिक असेल तर तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक. मधल्या आकड्याला ध्वनिकंपनांनी यकृताचा ताठपणा मोजणारी तपासणी करता येते. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीच्या पुढे हा आकडा जपून वापरावा आणि अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

आपण काय करावे?

ज्यांच्या घरी औषधशास्त्र शिकणारे मूल आहे, त्यांनी त्याला प्रश्न विचारण्याचे बळ द्यावे. प्रबंधाचा विषय ठरताना मार्गदर्शकांशी नम्रपणे बोलता येते: हा प्रयोग आधी कितीदा झाला आहे, पेशींवर किंवा रुग्णांच्या नोंदींवर हाच विषय घेता येईल का, प्राणी लागणारच असतील तर किती कमी पुरतील? पुण्यातील उदाहरण सांगते की, पन्नास आयांशी नीट बोलणे हेही संशोधनच आहे; ऊसतोड मजूर, हळद शिजवणारे कामगार, आपल्याच गावातील मधुमेही यांच्या यकृताच्या आरोग्याचा अभ्यास सातारा-सांगलीत होऊ शकतो, आणि त्यासाठी एकही जीव जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक अपरिचित आहे. प्राणी-नीतिमत्ता समितीत एक सदस्य वैज्ञानिक नसलेला, सामाजिक भान असलेला नागरिक असावा लागतो. निवृत्त शिक्षक, वकील, व्यापारी, कोणीही सुजाण व्यक्ती ही जबाबदारी घेऊ शकते. ज्या समाजाने पांजरपोळ चालवण्याची परंपरा जपली, त्या समाजातील जाणत्यांनी या खुर्चीकडेही पाहावे. तेथे बसून घोषणा द्यायच्या नाहीत. प्रस्ताव वाचायचा आणि 'हे प्राण्याविना का नाही?' हा एकच प्रश्न दर वेळी विचारायचा.

तिसरी गोष्ट घरातली. यकृताच्या औषधासाठी जितके जीव जातात, त्यांची गरज कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे रोगच कमी करणे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्युबातील २९३ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांनी वर्षभरात वजन दहा टक्के वा अधिक घटवले, त्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणांच्या यकृतातील व्रण मागे हटला. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. हे तप आपल्या घरात शिकवले जातेच. फरसाण, मिठाई आणि साखरेचा चहा यांनाही ते लागू करावे. मात्र ज्यांना सिऱ्हॉसिस झालेला आहे, त्यांनी पर्युषणातील दीर्घ उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. त्या अवस्थेत लांबलेला उपवास स्नायू आणि यकृत दोहोंना घातक ठरतो. नवजात बाळाला हिपॅटायटिस बी ची लस वेळेवर द्यावी. आणि हल्ली तांब्या-पितळेच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढते आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, तान्ह्या बाळाचे दूध त्यात तापवू नये, साठवू नये. आजीच्या फडताळातील पितळी पातेले जपून ठेवण्याजोगे आहे, पण बाळाच्या दुधासाठी नव्हे.

त्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. "बाळ, आधी शोधून बघ, दुसरी वाट आहे का. असेल तर ती धर. खरोखर नसेल, तर जितके जीव अगदी अटळ तितकेच, आणि त्यांना वेदना होऊ नयेत याची काळजी घेऊन. आणि त्यांचे ऋण विसरू नकोस." पुण्याच्या त्या डॉक्टरांनी ज्या आयांना प्रश्न विचारले, त्यांपैकी अनेकींची मुले वाचू शकली नाहीत. त्यांच्या आठवणींतून मिळालेल्या माहितीने नंतरच्या पिढ्यांची मुले वाचली.